जुनी एमजीबी मुंबईत हिवाळ्यात चालवायची की कव्हर घालून ठेवायची?

तुम्ही विचारलंय की साठच्या दशकातली एमजीबी, म्हणजे ती दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, नुकतीच हातात आलीय, पार्किंग मुंबईत सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आहे, आणि इंग्लंडमधले मालक हिवाळा लागला की गाडी गॅरेजात लावून थेट मार्चमध्ये बाहेर काढतात असं वाचलंय, तर आपणही नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाकून ठेवावी का. नको, अजिबात नको. आपल्याकडे हाच तिचा सीझन आहे, हे चार महिने उभी ठेवलीत तर मग ती चालवणार कधी, मे मध्ये की जुलैमध्ये?

तिकडचे लोक थंडीला घाबरून गाडी आत ठेवत नाहीत, मिठाला घाबरून ठेवतात. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिकडे मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खायला सुरुवात करतं, आणि एमजीबीला वेगळी चासी नाहीये, बॉडी हीच चासी, त्यामुळे दरवाजाखालचे सिल गंजले की गाडीचा कणाच गेला. आपल्याकडे गंजाचे महिने जून ते सप्टेंबर. म्हणजे ते जे हिवाळ्यात करतात ते सगळं आपण पावसाळ्यात करायचं आणि त्यांचा उन्हाळा तो आपला हिवाळा, एवढं कॅलेंडर उलटं केलं की त्यांची निम्मी माहिती आपल्याला लागू पडते.

आणि मुंबईची थंडी ती किती. सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं, आणि योगायोग बघा, एमजीबी बाजारात आली तेही १९६२ मध्येच. एरवी जानेवारीत पहाटे सोळा-सतरा आणि दुपारी तीस-एकतीस. ज्या ॲबिंग्डनमध्ये ही गाडी बनली तिथे ऐन जुलैच्या दुपारी जेवढं तापमान असतं साधारण तेवढं आपल्याकडे जानेवारीत सकाळी नऊला असतं. तिला आपला हिवाळा मानवतो, खरंच मानवतो, इंजिनाच्या आवाजावरून कळतं.

माझी १९६७ च्या सुरुवातीची आहे, मामांची. लहानपणी दर रविवारी दादरला मामांकडे जायचो ते बॅटरी धरायला, म्हणजे ते गाडीखाली आणि मी टॉर्च घेऊन उकिडवा बसलेलो. मामा गेल्यावर मामीने किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाली तूच बघ आता तिच्याकडे. त्याला चौदा हिवाळे झाले, एकही हिवाळा गाडी उभी नाही. तेव्हा खाली जे सांगतोय ते सगळं हाताने केलेलं आहे.

आमच्याकडे सुरुवात घट बसले की होते. दसऱ्याला गाडीची पूजा असते, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि त्या दिवशी ती स्वतःच्या पायाने कंपाउंडबाहेर गेली पाहिजे हा मामांचा नियम, म्हणून नवरात्राचे नऊ दिवस तिची तयारी. (हार चार तासांत काढा, झेंडूचा रस रंगावर वाळला की पिवळा डाग बसतो, जुन्या पेंटवर तो पॉलिशनेही जात नाही.) पावसाळाभर टाकीत पडलेलं पेट्रोल काढून टाकायचं. सिलच्या आणि दरवाजांच्या खाली पाणी जायला भोकं असतात ती मातीने बुजतात, सायकलच्या स्पोकने मोकळी करायची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा, त्यामुळे मी दर दुसऱ्या दसऱ्याला सगळं बदलतो. मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर एकदा तरी उघडून बघा, उभ्या गाडीत ते आतून गंजून जाम होतात आणि वरून काहीच दिसत नाही, पेडल दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागते तेव्हा कळतं आणि तेव्हा तुम्ही सायनच्या पुलावरून उतरत असता. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा-सात वर्षांच्या वरचा टायर असेल तर मी त्या टायरवर घाटात जात नाही.

आता सकाळी सुरू कशी करायची. चावी फिरवली की लगेच सेल्फ मारू नका. मागच्या चाकाच्या बाजूला इलेक्ट्रिक फ्युएल पंप आहे, तो टकटकटकटक असा भराभर वाजतो, मग टक... टक... असा हळू होतो आणि गप्प होतो. गप्प झाला म्हणजे दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या. हा आवाज ऐकायची सवय लावून घ्या, कारण तो थांबलाच नाही तर एकतर टाकी रिकामी आहे किंवा पेट्रोल कुठेतरी बाहेर जातंय, आणि अशा वेळी सेल्फ मारायचा नसतो, बॉनेट उघडायचं असतं. गप्प झाला की चोक अर्धा ओढायचा. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरमधला चोक इतर बऱ्याच गाड्यांच्या चोकसारखा हवा अडवत नाही, तो खालची जेट खाली ओढतो, जेटमध्ये निमुळती सुई लोंबत असते, जेट खाली गेली की सुईभोवतीची फट मोठी होते आणि पेट्रोल जास्त येतं. म्हणून पूर्ण ओढला की आपल्या हवेत ती लगेच ओव्हर होते, प्लग काळे, धूर, कंपाउंडमध्ये वास. अर्धा पुरतो. इंजिन लागलं की उभ्या उभ्या दहा मिनिटं रेस करत बसू नका, बरेच लोक करतात, चुकीचं आहे, जागेवर ती हळूहळू तापते आणि तोवर सगळा वेळ जास्तीचं पेट्रोल पीत बसते. ऑइल प्रेशरचा काटा वर आला की निघायचं, हळू चालवायची, दोन-तीन किलोमीटरमध्ये चोक पूर्ण आत. माझ्या गाडीत फर्स्टला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर न खरडता पडावा म्हणून असते ती रचना, नाहीये, थंड असताना सेकंडही कुरकुरतो, तर गिअर घाई न करता टाका, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय फर्स्ट नाही.

आणि आता ती गोष्ट, जी तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मामा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी गाडी एका गॅरेजात दिली होती, नाव नको, मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये हीट व्हायची म्हणून. त्यांनी दोन दिवसांत परत दिली, म्हणाले आता कधीच हीट होणार नाही. आणि खरंच झाली नाही. मग डिसेंबर आला, मी पहाटे साडेपाचला पनवेलच्या बाजूला जायला लागलो, रस्ता मोकळा, गाडी पन्नास-साठने, आणि टेम्परेचरचा काटा १४० फॅरनहाइटच्या वर येईना. चोक आत ढकलला की मिसिंग, ओढला की ठीक. मला वाटलं थंडी आहे, चालायचंच. पूर्ण हिवाळा मी अर्धा चोक ओढून फिरलो. फेब्रुवारीत डिपस्टिक काढली तर ऑइल रेषेच्या वर. वर! जुन्या गाडीत ऑइल कमी होतं, वाढत नाही. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा वास. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी बघितलं, काही न बोलता पुढची वॉटर हाउसिंग उघडली, आणि आत थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच नाही. गॅरेजवाल्याने तो काढून टाकला होता, हाच तो इलाज.

आपल्याकडे हे सर्रास करतात. थर्मोस्टॅट काढला की पाणी इंजिनातून कायम रेडिएटरकडे फिरत राहतं, मे मध्ये बरं वाटतं, पण हिवाळ्यात पहाटे इंजिन तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, तिथलं ऑइल धुऊन काढतात आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतात. मग ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना काय संभाळणार. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन त्या एका हिवाळ्यात इतकं उतरलं की पुढच्या वर्षी रिंगा टाकायला लागल्या, मामांनी जपलेलं इंजिन माझ्या हातून उघडलं गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. तर तुम्ही आज, गाडी चालवायच्या आधी, हाउसिंगचे तीन नट काढून बघा थर्मोस्टॅट आहे का. कंपनीनेच या गाडीसाठी तीन दिले होते, नेहमीच्या हवेसाठी ८२ अंश सेल्सियसचा, थंड देशांना ८८ चा आणि गरम देशांना ७४ चा. मी ७४ चा लावलाय, बारा महिने तोच, डिसेंबरच्या पहाटेही काटा १६५-१७० फॅरनहाइटवर येऊन थांबतो आणि चोक आत राहतो. गाडी हीट होतेय तर थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही, रेडिएटर साफ करा, फॅनचा पट्टा बघा, टायमिंग बघा. आणि पाण्यात कूलंट घाला, बर्फासाठी नाही, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं आहे, नुसत्या पाण्याने आतून गंजतं आणि तोच गंज रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नको.

सकाळ झाली, आता दुपार. हिवाळा असला तरी मुंबईची दुपार ही दुपारच असते हे लक्षात ठेवा. एमजीबीमध्ये दोन्ही कार्बोरेटर इंजिनाच्या ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला खाली एक्झॉस्ट आहे, मध्ये फक्त एक पत्र्याची हीट शील्ड. चालती असताना वारा लागतो तोवर ठीक, पण तुम्ही चहाला थांबलात आणि गाडी बंद केलीत की खालची धग वर येते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि दहा मिनिटांनी सुरू करायला गेलात की सेल्फ फिरतो फिरतो आणि काही नाही. घाबरू नका, बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबा, चोकला हात लावू नका. ती हीट शील्ड जागेवर आहे का आणि तिच्यावरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मात्र बघून घ्या.

याच जागेमुळे पेट्रोलच्या पाइपांबद्दल मी कोणाचंच ऐकत नाही. आता पंपावर ई२० मिळतं, वीस टक्के इथेनॉल, आणि साठच्या दशकातले रबर त्यासाठी बनलेले नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वी टाकलेला पाइप बाहेरून ठणठणीत दिसत होता, वाकवून बघितला तर आतून चिरा आणि काळी भुकटी, तीच भुकटी वाटीत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईखाली अडकायची आणि पेट्रोल ओव्हरफ्लो. ते टपकतं कुठे, तर खाली तापलेल्या एक्झॉस्टच्या दिशेने. एवढं कळल्यावर झोप लागेल का? सगळे पाइप इथेनॉल चालणारे, आर९ छाप असलेले टाका, पंपाचा डायफ्राम आणि वाट्यांची गॅस्केटं बदला, सीटमागे एक किलोचं फायर एक्स्टिंग्विशर बांधा आणि ते हाताला लगेच लागेल असं बांधा, बूटमध्ये सामानाखाली नको. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता ओढतं आणि मिश्रणही पातळ पडतं, त्यामुळे थंड इंजिन ई२० वर पूर्वीपेक्षा जास्त अडखळतं. मिस्त्रींनी दोन्ही जेट थोड्या थोड्या खाली घेतल्या, तेव्हा बरी झाली. आणि इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवायचे दिवस गेले, जेवढं आठवड्या-दोन आठवड्यांत जाळाल तेवढंच भरा.

संध्याकाळचं एक वेगळंच आहे. डिसेंबरमध्ये सहाला अंधार पडतो आणि रविवारी परत येणारे सगळे त्याच वेळी वाशीच्या पुलावर असतात. तुमची गाडी १९६७ पर्यंतची असेल तर तिला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, जास्तीत जास्त २२ अँपिअर देणारा, आणि आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. दोन हेडलाइट, वर कोणी नंतर बसवलेला इलेक्ट्रिक फॅन, ब्रेक लाइट, हे सगळं मग बॅटरीतून जातं. पाऊण तास बंपर टू बंपर असं गेलं की लाइट पिवळे पडतात आणि इंजिन मिसिंग करायला लागतं. मी दोन गोष्टी करतो, शक्यतो चारच्या आत घरी, आणि अडकलोच तर सिग्नलला रेस थोडी वर ठेवतो, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझेल इतकीच. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांचे कनेक्शन दर महिन्याला साफ करा, कारण तिथे हात पोचायला त्रास होतो म्हणून कोणी बघतच नाही.

समुद्राचं सांगतो म्हणालो नव्हतो पण सांगायलाच हवं. पहाटेचा मरीन ड्राइव्ह किंवा कोस्टल रोड, हूड म्हणजे कापडी छप्पर खाली, यासारखं सुख नाही आणि ते जरूर घ्या, पण खारी हवा तारांच्या चाकांना आधी धरते. एकेका चाकात साठ-सत्तर तारा, प्रत्येक तारेच्या मुळाशी मीठ बसतं. घरी आल्यावर एक बादली गोडं पाणी आणि जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, अर्धा तास जातो. कव्हर सुती घ्या, प्लास्टिकचं नको, हिवाळ्यात पहाटे दव पडतं ते प्लास्टिकखाली अडकून राहतं आणि रंगाला फोड येतात. आणि आजकाल सगळीकडे बांधकामं, एका रात्रीत कव्हरवर बोटभर नाही तरी बोट उठेल एवढी धूळ असते, ते कव्हर ओढून काढू नका, घडी करत उचला, नाहीतर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. धूरकट दिवस असेल, समोरची बिल्डिंग पुसट दिसत असेल, तर त्या दिवशी हूड वर. डोळे चुरचुरतात, रात्री खोकला येतो, मी शिकलोय.

लांब जायचं तर पहिला रस्ता जुना मुंबई-पुणे हायवे धरा, एक्स्प्रेसवे नको. अंधारात निघा, सूर्य जानेवारीत सव्वासातला उगवतो तेव्हा तुम्ही चौक हे गाव ओलांडलेलं असावं. खोपोलीत गरम वडा, गाडी चालूच ठेवायची म्हणून एकाने खायचा एकाने आणायचा. मग घाट. खाली अजून गारवा, उसवलेलं धुकं, आणि खालच्या गिअरमध्ये ते १७९८ सीसीचं इंजिन ओढायला लागतं तेव्हा सायलेन्सरचा आवाज कड्यावर आपटून परत येतो. शिंग्रोबाच्या देवळाशी मामा नेहमी थांबायचे, नाणं टाकायचे, मीही थांबतो. तिथे बॉनेटवर हात ठेवला तर ऊबदार लागतो, भाजत नाही. हे मे महिन्यात कधीच होत नाही. उतरताना तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरा, पुढे डिस्क आहेत तरी मागे ड्रमच आहेत आणि ब्रेकला जोर देणारा सर्वो बहुतेक गाड्यांना नाही, पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं.

कागदांचं थोडक्यात, कारण तुम्ही 'रोज ऑफिसला नेऊ का' असंही विचारलंय. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी असेल तर तशी नोंदणी होते, व्हीए मालिकेचा नंबर, फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी नोंदणी केलीत की रोजच्या वापराला बंदी आहे, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. मी म्हणूनच साधी खाजगी नोंदणी ठेवलीय, दर पाच वर्षांनी पासिंग, पीयूसी, कटकट आहे पण रविवारी कोणाला विचारावं लागत नाही. आणि ऑफिसला नेऊ नका. नियमामुळे नाही, चार किलोमीटरच्या थांबत थांबत जाण्यात ती पूर्ण तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ऑइलचं परत तेच होतं जे माझ्या गाडीत झालं. आठवड्यातून एकदा चाळीस-पन्नास किलोमीटर सलग, हे रोजच्या चारपेक्षा तिला कितीतरी चांगलं.

तुम्ही गाडीचं नेमकं वर्ष लिहिलेलं नाही. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह तार बॉडीला जोडलेली, नंतरच्यांना निगेटिव्ह, आणि मध्ये कोणी बदलून घेतलेलंही असू शकतं. बॅटरीची कुठली तार बॉडीला गेलीय तेवढं बघून खाली लिहा, तोपर्यंत मोबाइलचा चार्जर किंवा नवा म्युझिक सिस्टीम काहीही जोडू नका, आणि जोडायची घाई असेल तर आधी थर्मोस्टॅट बघा.